घराकडे तोंड करून ठेवलेले जोडे

बदरुद्दीनशेठांनी हारुनच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं ते धक्क्याच्या दगडावर काढून ठेवलेल्या त्याच्या जोड्यांकडे. झालं ते एवढंच. जुम्याची नमाज नुकतीच सुटली होती. देऱ्याच्या धक्क्यावर पलीकडे बर दुबईला जाणाऱ्यांची झुंबड उडाली होती, अबरावाले 'यल्ला, यल्ला' करत माणसांना आपापल्या होडीत ओढत होते. त्या गर्दीत पांढऱ्या शेरवानीतले बदरुद्दीनशेठ होडीत पाय टाकता टाकता थांबले. आधी ते जोडे पाहिले, मग हारुनचे अनवाणी पाय पाहिले, आणि मग मान वळवून ते फळीवर जाऊन बसले. हारुनने केलेला सलाम हवेतच राहिला. होडी सुटली. खाडीच्या हिरव्या पाण्यावर ती लहान होत गेली तरी शेठांची पाठ वळली नाही, आणि तेव्हा कुठे हारुनने खाली पाहिलं. नवे काळे जोडे, सकाळीच पॉलिश केलेले, दगडावर शेजारी शेजारी नीट लावलेले होते. त्यांची टोकं पाण्याकडे नव्हती, गावाकडे होती. ते तसे आपणच ठेवले हे त्याला आठवेना. हाताने परस्पर ठेवले होते. पाण्यात बुडवून कपाळाला लावलेली बोटं अजून ओली होती.

"कम ऑन, हॅरी," मागून हॅगन साहेब म्हणाला. "भरती सुरू झालीय. आत बस."

हारुन कयाकमध्ये बसला. कयाक ही साहेबाची बायको असल्यासारखी होती. दोन गोणपाटी पिशव्यांतून ती अमेरिकेतून जहाजाने आली होती, लाकडी पट्ट्या आणि रबर लावलेलं कापड, आणि दर गुरुवारी संध्याकाळी साहेब तिचा सांगाडा जोडत बसायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. अरुंद, वरून झाकलेली, मध्ये दोन भोकं. भोकात कमरेपर्यंत शिरायचं, पाय लांब करायचे आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मारायचं. होडीत बसायचं नाही, होडी नेसायची. आजवर साहेबाबरोबर पुढच्या भोकात एक इंग्रज इंजिनिअर बसायचा. तो रजेवर गेला म्हणून साहेबाने ऑफिसात बोट फिरवलं आणि ते हारुनवर थांबलं. 'तू हलका आहेस, तू ये.' आणि हारुन खूश झाला. हीच गोष्ट आता घशात काट्यासारखी अडकली होती. तो खूश झाला होता. तेलाच्या सर्व्हे कंपनीतला हेडक्लार्क, साहेब त्याला घेऊन बोटिंगला जातो, ही काय लहान गोष्ट होती? परवा बदरुद्दीनशेठांच्या दुकानात सुलेमानी चहा पिता पिता त्यानेच मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, शुक्रवारी साहेबाबरोबर जायचंय, जुम्यानंतर, धक्क्यावरून. स्वतःच्या हाताने स्वतःचं आमंत्रण दिलं होतं.

रविवारी मंगनी होती. हारुनच्या धाकट्या बहिणीची, शहनाझची, आणि शेठांच्या मुलाची, रफिकची. मुलगी मुंबईला, डोंगरीतल्या भाड्याच्या खोलीत आयजवळ. मंगनी इथे, पुरुषांपुरुषांत, खजूर आणि शब्द देऊन व्हायची. देऱ्यात कापड आणि अत्तराचं दुकान असलेले, कोकणी जमातीत ज्यांच्या शब्दाला वजन आहे असे शेठ, आणि त्यांच्या घरात आपली बहीण. त्यासाठी हारुनने आठ वर्षं नखं कापली होती, साबण लावला होता, हिंदी आणि इंग्रजी तोंडात घोळवली होती, आणि बापाला नाखुदा, म्हणजे जहाजाचा कप्तान, केलं होतं. 'वालिद साहेब जहाजावर नाखुदा होते, बसऱ्यापर्यंत जायचे.' असं तो म्हणायचा. बाप, अहमद, जन्मात बसऱ्याला गेला नव्हता. तो दाभोळच्या खाडीत आणि खाडीबाहेर फार तर दोन वाव खोल पाण्यात जाळं टाकायचा. तो दालदी होता. मासे मारणारा मुसलमान. जमातीतली खानदानी घरं दालद्याच्या हातचे मासे खातात, दालद्याच्या शेजारी नमाजेला उभी राहतात, सगळे अल्लाचे बंदे एक आहेत असं म्हणतात, आणि दालद्याच्या घरात मुलगी देत नाहीत, घेत नाहीत. शहनाझला आलेली सगळी स्थळं वाडीचं नाव ऐकून उंबऱ्यावरूनच परत गेली. म्हणून बाप मेल्यावर हारुनने खोपट विकलं, होडी विकली, आय आणि बहीण मुंबईला नेली, जिथे कुणी विचारणार नाही कोण कुठले.

आणि त्यांच्या वाडीत, होडीत पाय टाकण्याआधी, पायताणं काढून वाळूवर ठेवायची ती घराकडे तोंड करून. म्हणजे माणूस परत येतो. दोन बोटं पाण्यात बुडवून कपाळाला लावायची आणि मग उजवा पाय. हे कुणी शिकवत नाही. चालायला लागलं की येतं. आठ वर्षांत हारुन अबरातून हजारदा पलीकडे गेला असेल, पण अबरा म्हणजे बस, तिथे कुणाला पाय आठवत नाहीत. ही कयाक पाण्याला टेकलेली, ओली, हलणारी, खाली वाकून शिरावं लागणारी, आणि हातापायांनी गपकन जुनं काम करून टाकलं. ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा तो इतकी वर्षं जगला, आणि आता भांडं आपणच भर धक्क्यावर मांडून आलो, असं त्याला वाटलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती खरोखर तळपायापासून निघते हे त्याला त्या दिवशी कळलं.

"लेफ्ट, हॅरी. लेफ्ट."

हॅरी. आईबापाने नाव ठेवलं हारुन, पैगंबराचं नाव, आणि ह्याने त्याचं कुत्र्याला मारायच्या हाकेसारखं हॅरी केलं, आणि हारुनने ते आठ महिने हसून घेतलं होतं. त्याने डावीकडे वल्हं मारलं. वल्हं हातात बसलं होतं, त्याचंही त्याला वाईट वाटत होतं. इंग्रज इंजिनिअरसारखं धडपडत, पाणी उडवत मारावं असं त्याने ठरवलं होतं. खांदे ऐकत नव्हते. पातं पाण्यात बिनआवाज शिरत होतं आणि कयाक एका रेषेत चालली होती. लांब लांब धो गलबतं उजवीकडे नांगरून पडली होती, त्यांच्यावर बलुची खलाशी बसून भात खात होते, एकाने पाहून हात केला. हारुनने बघितलं नाही. त्याला वाटलं, आता ह्या खलाशालाही कळलंय.

मागे साहेब बोलत होता. साहेबाला बोलायला कुणी लागायचं नाही, पाणी पुरायचं. त्याच्या देशात, विस्कॉन्सिन नावाच्या मुलखात, नद्या आणि तळी आहेत, इतकी की मोजता येत नाहीत, आणि त्यांच्यात मस्की नावाचा मासा आहे. माणसाच्या पायाएवढा लांब, तोंडात दात, पाणगवतात ओंडक्यासारखा न हलता पडून राहतो. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा एक मस्की लागतो अशी म्हण आहे. साहेबाचा बाप त्याला कयाकमधून मस्कीला न्यायचा. कयाकला आवाज नसतो, माशाच्या डोक्यावर जाऊन बसलं तरी त्याला कळत नाही. गोष्ट सांगताना साहेबाचा आवाज बदलायचा. इथे वाळूत, खाऱ्या पाण्यात मस्की कुठला, पण खाडीच्या आत बॅराकुडा येतो, तसाच लांब, तसाच दातांचा, तसाच पापी, आणि साहेब त्याच्यावर आपली तहान भागवायचा. मागच्या महिन्यात तर लँडरोव्हरवर कयाक बांधून जबल अलीच्या ओसाड किनाऱ्यावर गेला होता, जिथे वाळू आणि वारा सोडून काही नाही. शनिवारी ऑफिसात आला तो नाकाची सालं निघालेला, हाताला माशाचा वास, शर्टावर खवले, आणि त्याच शर्टाने मीटिंगला बसला. सगळे 'वंडरफुल, सर' म्हणाले. फोटो हातोहात फिरले. हारुननेही पाहिले, हारुनही 'वंडरफुल, सर' म्हणाला होता.

आता मात्र तो शर्ट त्याच्या डोक्यात बसला. बापाच्या अंगाला जो वास होता तोच तो वास. त्या वासापायी हारुनला शाळेत मागच्या बाकावर एकटं बसवलं होतं, मास्तरांनी नव्हे, पोरांनी. तो घरी येऊन राखेने हात घासायचा. बाप नुसता बघायचा. एकदाच म्हणाला, 'कातडं जाईल, वास जायचा नाय.' आणि ह्याच्या अंगाला तो आला की ते शौर्य. ह्याने मासा मारला की फोटो, माझ्या बापाने मारला की जात. ह्याला कुणी विचारत नाही तुझा बाप काय मारायचा. उलट हाच सांगत सुटतो की माझ्या बापाने मला मासे मारायला शिकवलं, आणि लोक माना डोलावतात. हारुनला वाटलं की वल्हं फिरवावं आणि मागे न बघता साहेबाच्या कानशिलात घालावं. साहेब वाईट माणूस नव्हता, आणि त्यामुळे राग काही कमी होत नव्हता. वाईट माणसावर राग काढता तरी येतो.

पुलाखालून गेल्यावर खाडी रुंद झाली. गाव मागे पडलं. दोन्हीकडे खारट चिखल, त्यावर पांढरे-गुलाबी पक्षी एका पायावर, आणि पाणी असं निपचित की तळं वाटावं. साहेबाने वल्हं आडवं ठेवलं. त्याने गळ काढला. गळ कसला, हरणाच्या शेपटीचे केस बांधलेला आणि पुढे पितळेचं फिरतं पान लावलेला झुबका. दोरीऐवजी शेवटी तारेचा तुकडा, दातांनी तुटू नये म्हणून. साहेब फेकायचा, चरखी फिरवायचा, झुबका लखलखत यायचा. कयाकजवळ आला की तो वर काढायचा नाही. काठीचं टोक पाण्यात बुडवून तिथेच एक मोठा इंग्रजी आठ काढायचा, पुन्हा एक आठ, मगच उचलायचा. कारण हा मासा लगेच चावत नाही. तो नुसता मागून येतो. अगदी बोटीच्या पोटापर्यंत येतो, माणसाच्या डोळ्यांत बघतो आणि निघून जातो. त्याला शेवटी आणखी एक वळण दाखवायचं, राग आणायचा. 'भुकेने नाही चावत तो, हॅरी. रागाने चावतो.'

फेक, ओढ, आठ. फेक, ओढ, आठ. हारुनने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं होतं आणि त्याला शेठांची मान वळताना पुन्हा पुन्हा दिसत होती. रविवारी निरोप येईल. आजारी आहेत म्हणतील. किंवा दुकानात गर्दी आहे, इन्शाल्ला पुढच्या महिन्यात. मग पुढचा महिना. मग जमातीत कुजबुज. मग आयला पत्र लिहायचं, काय लिहायचं? शहनाझ काही म्हणणार नाही. मुंबईला आणलं त्या दिवशी खोलीच्या दारात उभी राहून तिने आपले हात त्याच्यापुढे धरले होते. जाळी विणून विणून उजव्या तर्जनीवर सुताचे बारीक काप पडले होते, आडवे, एकाखाली एक. 'भाईजान, ह्यांचं काय सांगशील?' तो म्हणाला होता, भरतकामाचे म्हणून सांगू. ती हसली नाही. म्हणाली, 'मला कुठंय बी दे. पण जल्मभर मूठ झाकून बसायला लागल असल्या घरात देऊ नको.' तो तिच्यावर ओरडला होता. तुझ्यासाठी मी वाळवंटात मरतो आणि तू मला अटी घालतेस? पोरगी चूल पेटवायला बसली. आज त्याला तिच्यावरचाही राग आठवला, आणि तो खोटा वाटला नाही. सगळ्यांवर राग होता. बापावर, की त्याने बसऱ्यापर्यंत का नाही जाऊन दाखवलं. आयवर. साहेबावर. शेठांवर. त्या काळ्या जोड्यांवर.

आणि मग एकदम त्याच्या मनात आलं की धक्क्यावर हनीफही होता.

हनीफ त्याचा ऑफिसातला सोबती, खेडकडचा, काझींच्या घरातला, खानदानी तो खरा. तो हारुनच्या शेजारीच उभा होता, हातभर अंतरावर. त्यानेही ते जोडे पाहिले होते, बोटं कपाळाला लावतानाही पाहिलं होतं. आणि तो काय म्हणाला होता? हसून म्हणाला होता, 'काय रे, साहेबाची बोट खराब होईल म्हणून जोडे काढलेस? बडी इज्जत करतो तू साहेब की.' एवढंच. त्याला दुसरं काही दिसलंच नाही. दिसणार कसं? ज्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी होडीला हात लावला नाही त्याला जोडे म्हणजे जोडे. त्यांचं तोंड कुणीकडे आहे हे बघायचं असतं हेच त्याला ठाऊक नाही. मग शेठांना कसं ठाऊक?

हारुन ताठ बसला. कयाक डुलली. "ईझी," साहेब कुजबुजला. पण हारुनला ऐकू आलं नाही. बाणकोटकडचे आम्ही, असं शेठ म्हणायचे. बाणकोटच्या अलीकडे की पलीकडे ते कधी बोलले नाहीत. आणि सोयरिकीची बोलणी झाली तरी त्यांनी हारुनला गाव विचारलं नव्हतं. वाडी विचारली नव्हती. मामाकडचे कोण, विचारलं नव्हतं. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं हारुनने आयला लिहिलं होतं. मोठं मन कसलं, चोराच्या मनात चांदणं. विचारायचं नाही, म्हणजे कुणी आपल्यालाही विचारत नाही.

त्याच क्षणी साहेबाने काठी पाण्यात बुडवून आठ काढला आणि पाणी फुटलं. कयाक एकदम आडवी ओढली गेली. चरखी किंचाळली. "काठाकडे, काठाकडे," साहेब ओरडत होता, आणि हारुनच्या हातांनी पुन्हा एकदा त्याला न विचारता काम केलं. कयाकचं नाक वळवलं, माशाला खोल पाण्याकडे जाऊ न देता उथळाकडे दाबलं. एकदा तो सगळाच्या सगळा वर आला, चांदीच्या पट्ट्यासारखा, जबडा उघडा, आणि पुन्हा गेला. बराच वेळ गेला. साहेब घामाघूम झाला, हसत होता, शिव्या देत होता, बापाचं नाव घेत होता. शेवटी कयाक चिखलाला टेकली. दोघे गुडघाभर पाण्यात उतरले, साहेब रबरी बुटांत, हारुन अनवाणी, आणि मासा त्यांच्यामध्ये आडवा पडून श्वास ओढत होता. चार फूट तरी असेल.

फोटो झाला. हारुननेच काढला. साहेबाने मासा दोन्ही हातांवर घेतला, छाती पुढे काढली, आणि त्या लालबुंद चेहऱ्यावर पोराच्या चेहऱ्यावर असतो तसा आनंद होता. मग त्याने चिमट्याने गळ सोडवला, मासा पाण्यात उतरवला आणि म्हणाला, "आता सोडायचा. शेपटी धर, पुढे-मागे कर, दम आला की आपोआप जाईल. मी मोजायची टेप आणतो." माझा बापही सोडायचा, साहेब म्हणाला. मोठा मासा मारायचा नाही. खेळायचं आणि मानाने जाऊ द्यायचं.

हारुनने शेपटी धरली. जीव गरम नव्हता, गार होता, पण हाताखाली नुसता थरथरत होता. जबड्यातून रक्त येत होतं. खेळायचं. तोंड फाडायचं, दमवायचं, फोटो काढायचा आणि मानाने जाऊ द्यायचं. बाप म्हणायचा, हाताला आलेला मासा परत टाकला तर तो अल्लाकडे तक्रार करतो, की ह्यांना भूक नव्हती मग मला का छळलं. हारुनने साहेबाकडे पाहिलं. साहेब पाठमोरा, कयाकच्या पोटात टेप शोधत होता. हारुनने मासा कल्ल्यांत बोटं घालून उचलला, चिखलावर आणला, वल्ह्याचं दांडकं घेतलं आणि डोक्याच्या मागे, जिथे मारायचं असतं तिथे, एकदाच मारलं.

साहेब वळला. "व्हॉट द हेल... मी सोड म्हणालो होतो!"

"यस, सर. ऐकलं मी."

"मग?"

"सर, आमच्याकडे मासा खातात. त्याच्याशी खेळत नाहीत." हारुनने दांडकं चिखलात टेकवलं. "तुमचे वडील हौसेने मारायचे. माझे वडील मारायचे तेव्हा आमची चूल पेटायची. ते फिशरमन होते. फिशरमन, सर. नाखुदा नव्हते."

नाखुदा म्हणजे काय हे साहेबाला माहीत असायचं कारण नव्हतं. तो काही वेळ त्या मेलेल्या माशाकडे बघत राहिला. त्याचा आनंद गेला होता, आणि तो गेल्यावर नुसता एक म्हातारपणाकडे झुकलेला, उन्हाने सोललेला माणूस तिथे उभा होता. हारुनला त्याची दया आली असती, पण दयेला आत जागा नव्हती. "तुझा मासा, तूच ने," एवढंच साहेब म्हणाला. परतीच्या वाटेवर मासा कयाकवर आडवा बांधला होता आणि त्याचं रक्त हारुनच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला लागत होतं.

देऱ्याला पोचला तेव्हा मगरिबची बांग होऊन गेली होती. त्याने जोड्यांत ओले पाय कोंबले आणि मासा खांद्यावर टाकून तो बाजारातून चालत निघाला. शेपटी पोटरीला आपटत होती. ओळखीचे लोक वळून बघत होते, एका दुकानदाराने "हबीबी, कितीला?" म्हणून विचारलं. तो थांबला नाही. उलट मान वर करून चालला. मनात एकच होतं, की रविवारचा निरोप घ्यायला आपण रविवारपर्यंत थांबायचं नाही.

बदरुद्दीनशेठ अंगणात तक्क्याला टेकून बसले होते. वर विजेचा दिवा होता, घरात उदाचा वास होता. हारुनने मासा त्यांच्यासमोर फरशीवर टाकला. शेठांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आतल्या पडद्याकडे, आणि मग हलक्या आवाजात म्हणाले, "हे काय आणलंत, हारुनमियाँ?"

"तुमचं काय ठरलं ते विचारायला आलो."

"कशाचं?"

"चाचा, आज दुपारी तुम्ही माझे जोडे पाहिलेत."

शेठ तक्क्यावरून सरळ झाले. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. नाकारतील, असं हारुनला वाटलं होतं. ओरडतील, नोकराला बोलावतील. त्यांनी त्यातलं काही केलं नाही.

"पाहिले," ते म्हणाले. "खलास. रविवारी येऊ नको."

"का?"

"मला विचारतोस का?"

"होय. दालदी आहे म्हणून? ते हनीफला दिसलं नाही. त्या धक्क्यावर जमातीची कितीतरी माणसं होती, कुणाला दिसलं नाही. तुम्हालाच कसं दिसलं, चाचा? जोड्यांचं तोंड बघायचं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

शेठांचा चेहरा पडला नाही, नुसता थकला. ते पुढे सरकले, इतके जवळ की त्यांच्या अत्तराचा वास माशाच्या वासात मिसळला. आणि मग ते बोलले ते शेठांसारखं नव्हे, वाडीतल्या माणसासारखं, तुटक, एका दमात. "तुझ्या बहिणीत खोट नाही. तुझ्यात नाही. मला पोरगी पसंत होती. पण ऐक. दालदी घर एकटं असलं तर निभतं. अत्तर लावतो, दान करतो, नमाजेला पहिल्या सफेत उभा राहतो, लोक विसरतात. दोन दालदी घरं एकत्र आली की वास लपत नाही. तुझी आय येईल, माझी बायको बोलेल, दोघी एका चुलीपाशी बसतील, आणि पहिल्याच दिवशी तोंडातून भाषा निघेल. तीस वर्षं घातली मी. रफिकला माहीत नाही. माझ्या पोराला माहीत नाही, हारुन. मला खानदानी घर पाहिजे होतं. मी समजलो, तू खानदानी आहेस."

हारुनला हसू आलं. दोघे एकमेकांना खानदानी समजून एकमेकांच्या दारात बसले होते. आठ वर्षं तो ज्या घरासाठी झिजला ते घर आपल्यासारख्याच वाडीतलं निघालं, आणि त्या घरात शहनाझने जन्मभर मूठ झाकून बसायचं होतं, तेही आता ते लोक नको म्हणत होते. दालद्याला दालदी नको. काझींनी नाकारलं असतं तर त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. इतका राग त्याला उभ्या जन्मात आला नव्हता.

"जा आता," शेठ म्हणाले. "मासा घेऊन जा. मी कुणाला बोलणार नाही. तूही बोलू नको. दोघांचंही भलं त्यातच आहे." आणि मग अगदी खालच्या आवाजात, "मेहरबानी कर."

दार वाजलं. रफिक नमाजेहून आला होता. उंच, इस्त्रीचा शर्ट, मुंबईच्या कॉन्व्हेंटात शिकलेला, चांगला पोरगा. अंगणातला मासा बघून तो थबकला आणि मग हरखून खाली वाकला.

"व्वा, हारुनभाई! ह्युज आहे. कुठून आणलात? मार्केटमध्ये एवढा मोठा दिसत नाही."

"मी मारला."

"तुम्ही?" रफिकने मान वर केली. त्याच्या तोंडावर फक्त कौतुक होतं. "तुम्हाला येतं? सांगितलं नाही कधी."

"आम्ही दालदी. आमचा धंदाच तो."

रफिकला तो शब्द कळला की नाही कुणास ठाऊक. त्याने माशाच्या दातांना बोट लावून पाहिलं. "पण हा कापायचा कसा? आपल्या कूकला जमणार नाही. हा तर दगडासारखा आहे."

बदरुद्दीनशेठ हारुनकडे बघत होते. आता ते तोंडाकडे बघत होते, पायांकडे नाही. त्यांचे ओठ हलत होते, दुवा मागत असावेत किंवा काही नाही. हारुनला ते सगळं दिसलं. एक शब्द गिळायचा आणि निघून जायचं. तेवढं त्याला येत होतं, तेच तर तो आठ वर्षं करत आला होता.

"अब्बांना विचार," तो म्हणाला. "त्यांना येतं."

रफिक हसला. थट्टाच वाटली त्याला. हसत हसतच तो बापाकडे वळला आणि बापाचा चेहरा बघून त्याचं हसू हळूहळू थांबलं.

"अब्बा? तुम्हाला येतं?"

दार उघडंच होतं आणि हारुनला तिथे थांबायचं काही कारण उरलं नव्हतं. पण तो हलला नाही. ज्या उत्तरापासून तो स्वतः इतकी वर्षं पळत होता ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकल्याशिवाय तो जाणार नव्हता.